एवढाच समुद्र

पालघर वेगळा निघाला तेव्हा
ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र उरला तो एवढाच:
उत्तन, पाली, चौक.
नकाशावर बोटाच्या एका पेरात मावतो.
मी मोजणी खात्यातला माणूस, मला विचारा.
समुद्राला गट नंबर नाही, पोटहिस्सा नाही,
वारस नोंदीला कुणी उभं राहत नाही,
म्हणून रविवारी मी तिकडे जातो.

इनासच्या बोटीवर आडवी बांधलेली माझी सर्फस्की,
एकोणीस फूट लांब, रुंदीला जेमतेम माझ्या बुडाएवढी.
त्याची आई कतरिन तिला पडवळ म्हणते.
वलांडीवर बोंबील टांगता टांगता विचारते,
"इतकं लांब जाऊन आणतोस काय?"
तिला काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.

एप्रिल. दुपारचे तीन.
वायव्येचा वारा आता हात सैल सोडून सुटलेला.
इनास मला उत्तरेला नेतो,
वसईचा किल्ला मागं बारीक होईपर्यंत,
खाडीचा गढूळ रंग संपून
पाणी हिरवं होतं तिथपर्यंत.
"उतर," म्हणतो, जणू रिक्षातून.

पहिला अर्धा तास मी मूर्ख असतो.
प्रत्येक लाटेच्या पाठीवर वल्हं मारत चढतो,
माथ्यावर पोचेतो ती गेलेली असते,
आणि मी फेसात, धापा टाकत,
शेवटची बस चुकलेल्यासारखा.
मागून इंजिन मंद करून इनास ओरडतो:
"तिच्या मागं कशाला? ती गेली!
पुढं खड्डा बघ. खड्ड्यात नाक घाल!"

खड्डा.
बावीस वर्षं मी दगड शोधत आलो,
बाभळीच्या बुडाशी, उकिरड्याखाली,
कुणीतरी रात्रीत चार हात सरकवलेले हद्दीचे दगड.
इथं शोधायचा तो खड्डा,
तोही चालता, तोही दुसऱ्या श्वासाला नसणारा.

मग एकदा
शेपूट उचलतं.
बुडाखाली काहीतरी जड, उबदार,
बसलेली म्हैस उठावी तसं उठतं,
आधी मागून.
तीन वल्ही, जीव खाऊन.
चौथं मारायचं नसतं,
चौथं वल्हं लोभाचं.
नाक खाली. पाणी दोन्ही कुशींना
मांजरपाट फाडल्यासारखं फाटत जातं,
सुकाणू पायाच्या अंगठ्यांत थरथरतं,
आणि मी काहीच करत नाही.
काहीच न करता इतक्या वेगानं
मी कधी कुठं पोचलो नव्हतो.

ती मरायच्या आत डावीकडे दुसरा खड्डा उघडतो,
त्यात तिरपं उतरायचं. मग उजवीकडे तिसरा.
सात मोजल्या.
मोजल्या, हेच चुकलं.
किती आलो ते बघायला डोंगरीच्या डोंगराकडे मान वळवली,
खात्याची सवय,
आणि आभाळ खाली गेलं.

पाणी कोमट होतं. तोंडात मीठ आणि डिझेल.
पायाची दोरी ताणली,
पडवळ टोकाला हिसके देत होतं, पळायला बघत होतं.
दोनदा चढलो, दोनदा घसरलो,
तिसऱ्यांदा पोटावर आडवा पडून राहिलो,
आणि लाटा खालून जात राहिल्या,
एकीनंही थांबून विचारलं नाही.
इनास लांबून बघत होता. बिडी पेटवत होता.

सोमवारी, मुरबाडकडे, हद्दकायम.
दोन भाऊ, मधे हातभर बांध,
दोघांचेही वकील सावलीला.
टेप ताणला तर माझी कंबर अजून हलत होती,
ढेकळांचं रान मागून हळूच उचलत होतं.
धाकटा म्हणाला, "साहेब, बरं नाही का?
लिंबूपाणी आणू?"
मी म्हटलं, आण.
आणि टेपचं टोक थोरल्याच्या हातात देऊन
क्षणभर
बांधाच्या पलीकडचा खड्डा बघत राहिलो.